पंचाहत्तर टक्के

मॅडम वर्गात आल्या की आधी स्वतःचा फोन खोक्यात टाकायच्या, मग आमचे. कँटीनमधून मागून आणलेलं बिस्किटांचं पुठ्ठ्याचं खोकं होतं ते, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेलं. आम्ही रांगेने जाऊन फोन ठेवायचो आणि तास संपला की रोल नंबरनुसार एकेकजण उचलून न्यायचो. मॅडमचा फोन तळाशी असायचा, त्यामुळे त्यांना तो सगळ्यांत शेवटी मिळायचा.

बाकीचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले होते. वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं. घंटा झाली की दार बंद, त्यानंतर आलेल्याने दार वाजवायचं नाही. आदल्या दिवशी गैरहजर असलेल्याने उभं राहून कारण सांगायचं, इंग्रजीत, एका पूर्ण वाक्यात. चुकलं तर त्या दुरुस्त करणार आणि आपण ते वाक्य पुन्हा म्हणायचं. आणि हजेरी पंचाहत्तर टक्के. त्या आकड्याखाली खडूने रेघ ओढून त्या म्हणाल्या, "सेव्हन्टी-फोर इज नॉट सेव्हन्टी-फाइव्ह." कोणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.

कॉलेज डोंबिवलीतलं आणि मी यायचे मोहन्याहून. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हापासून कल्याणच्या एका सोसायटीच्या गेटवर बसायचे. आमच्या घरात कोणालाच इंग्रजी येत नव्हतं, म्हणूनच मी बीएला इंग्रजी घ्यावं असं त्यांचं म्हणणं. गेटवर येणारे कुरिअरवाले, सेल्समन, सोसायटीतली लहान पोरंसुद्धा इंग्रजी झाडतात आणि आपण नुसतं बघत राहतो, हे त्यांना फार लागायचं. इंग्रजी साहित्य म्हणजे नक्की काय शिकवतात ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

माझ्या बाकावर टिटवाळ्याची एक मुलगी बसायची, माझी मैत्रीण. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. रिक्षावाल्याशी भांडावं तसं ती इंग्रजी बोलायची, चुकली तरी थांबायची नाही. मॅडमना ते आवडायचं, असं आम्हाला वाटायचं. त्या तसं कधी बोलून दाखवत नसत.

मी पहिल्यांदा उभी राहिले ती माझी आत्या गेली तेव्हा. मी गावाला जाऊन आलेले, डोळे अजून सुजलेले. वाक्य गाडीतच जुळवून ठेवलेलं. म्हणाले, "मॅम, माय आंटी इज एक्स्पायर्ड."

मॅडमनी पुस्तक मिटलं. दूध एक्स्पायर होतं, त्या इंग्रजीत म्हणाल्या, औषधाची बाटली एक्स्पायर होते. माणसं मरतात. "से, माय आंट डाइड."

मला ते म्हणवेना. घरी सगळे आत्या 'गेली' म्हणत होते, 'वारली' म्हणत होते. मेली असं कोणीच म्हटलं नव्हतं. वर्ग माझ्याकडे बघत होता. टिटवाळ्याचीने बाकाखाली माझा हात धरला.

"माय आंट डाइड," मी म्हणाले.

"थँक यू. आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस. सिट डाउन."

मी खाली बसल्यावर मैत्रीण कानात पुटपुटली, "बाई आहे का दगड आहे गं?" त्या दिवशी मलाही तोच प्रश्न पडलेला. पण एक खरं की गावाला आत्याला आंघोळ घालताना, तिच्या तोंडात पाणी सोडताना, जे मला पटलं नव्हतं ते त्या वाक्यानंतर पटलं. मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन मी खूप रडले.

मॅडमच्या कडकपणाचे किस्से कॉलेजभर फिरायचे. त्यातला सगळ्यांत मोठा त्यांच्या मुलाचा. तो याच कॉलेजात सायन्सला होता, आणि सायन्सच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीचा एक पेपर मॅडमच शिकवायच्या. त्याची हजेरी कमी पडली. अशा मुलांची यादी नोटीस बोर्डावर लागते, तिला आम्ही ब्लॅकलिस्ट म्हणतो. तिच्यात नाव आलं तरी बहुतेक जण सुटतात. पालक येऊन हमीपत्र देतात, विषयाच्या शिक्षकांनी त्यावर सही केली की झालं. मॅडमनी स्वतःच्या मुलाच्या हमीपत्रावर सही केली नाही. त्याला परीक्षेला बसता आलं नाही. वर्ष गेलं. त्याच्याबरोबरची मुलं पास होऊन गुजरातेत वापी, अंकलेश्वरकडच्या कंपन्यांत लागली. हा एक वर्ष मागून निघाला आणि इथेच एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागला. नव्या मुलांना घाबरवायला सीनियर ही गोष्ट सांगायचे: बाईंनी पोटच्या पोराला सोडलं नाही, तुम्ही कोण?

तो मुलगा मी बघितलेला. संध्याकाळच्या सुमाराला कधीकधी गेटवर स्कूटर घेऊन उभा असायचा, काटकुळा, कंपनीचा निळा शर्ट घातलेला. मॅडम दिसल्या की मोठ्याने म्हणायचा, "मॅडम, चला, उशीर झाला तर दार बंद होईल!" त्या त्याच्या खांद्यावर पर्स मारायच्या आणि मागे बसायच्या. तेवढ्यापुरत्या त्या कोणी वेगळ्याच दिसायच्या.

शेवटचं वर्ष नुकतं सुरू झालेलं. दुपारचा तास होता आणि मॅडम एक उतारा वाचून दाखवत होत्या. मध्येच जमिनीतून यावा तसा धक्का आला आणि पाठोपाठ आवाज. खिडक्यांची तावदानं खडखडली, पंख्यावरची धूळ खाली आली. मुली ओरडल्या. "इज एनीवन हर्ट?" मॅडमनी विचारलं. कोणाला काही झालं नव्हतं. कोणी म्हणालं ट्रान्सफॉर्मर उडाला, कोणी म्हणालं सिलेंडर. खिडकीजवळच्या मुलांना मॅडमनी आतल्या बाजूला बसवलं आणि पुस्तक पुन्हा उचललं. तास संपायला थोडाच वेळ उरलेला.

मग खोकं वाजायला लागलं. सगळे फोन सायलेंटवर होते, ते आत थरथरत एकमेकांवर आपटत होते. आधी एक, मग पाच-सहा, मग अख्खं खोकं टेबलावर घरघरायला लागलं. पुढच्या बाकावरचा मुलगा उठला.

"सिट डाउन. द पीरियड इज नॉट ओव्हर."

तो बसला. मॅडमनी डावा हात खोक्यावर ठेवला, उजव्या हातात पुस्तक धरलं आणि वाचत राहिल्या. आवाज नेहमीचाच. पण एक ओळ त्यांनी वाचली, आणि मग तीच ओळ पुन्हा वाचली. आणि पुन्हा.

घंटा झाली. त्या दिवशीसुद्धा त्यांनी रोल नंबर पुकारले. मुलं फोन घेऊन दारातूनच घरी फोन लावत बाहेर पळत होती. "एमआयडीसीत झालाय," कोणीतरी जिन्यातून ओरडलं, "केमिकल कंपनीत!" खिडकीतून पूर्वेकडे काळा धूर दिसत होता, तो सरळ वर चढून मग पसरत होता. मैत्रिणीचा नंबर शेवटून दुसरा, तिच्यासाठी मी दाराशी थांबले होते. म्हणून मी बघितलं. सगळ्यांचे फोन गेल्यावर मॅडमनी खोक्याच्या तळातून आपला फोन काढला, स्क्रीनकडे बघितलं, एक नंबर लावला आणि कानाला धरून उभ्या राहिल्या. मग पुन्हा लावला. पुन्हा. मग फोन पर्समध्ये ठेवला, डस्टर घेतला, फळा वरपासून खालपर्यंत पुसला आणि बाहेर पडल्या. जिना चालतच उतरल्या.

"मॅडमचा मुलगा तिकडेच आहे ना गं?" मैत्रीण म्हणाली. आम्ही त्यांच्या मागे पळालो, पण गेटवर येईपर्यंत त्यांना रिक्षा मिळालेली.

त्याचीच कंपनी होती. लॅब प्लांटला लागून होती. जे सापडले त्यांतले बरेच ओळखू येत नव्हते, म्हणून घरच्यांच्या रक्ताचे नमुने घेऊन जुळवून बघणार होते. मॅडमनी नमुना दिला. त्यानंतर वाट बघायची. यादीत त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहिलेलं.

आम्ही भेटायला निघालो तेव्हा आधी कॉलेजच्या जिन्याखाली आमचीच वादावादी झाली. मॅडमशी बोलायचं कोणत्या भाषेत? आजवर आम्ही त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. आणि बोलायचं तरी काय? तो गेला असं म्हणायचं नाही, कारण अजून तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. येईल असंही म्हणवत नव्हतं.

घर जुन्या गावठाणातलं होतं. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये ही बैठी कौलारू घरं. मॅडम आगऱ्यांच्या, याच गावच्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. नवरा पूर्वीच वारलेला, घरात म्हातारी आई. तिनेच दार उघडलं. "आयल्याव गो पोरींनो? या, बसा. माजा काय आयकत नाय ती, तुमी तरी तिला दोन घास खायला सांगा." आणि मग आमच्यातल्या एकीचा हात धरून एकदम विचारलं, "पोर येल ना गो माजा?"

"आये, तू आत जा," मॅडम आतून म्हणाल्या. तोच आवाज, पण भाषा त्यांच्या आईची. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मॅडम साध्या गाऊनमध्ये, केस मोकळे, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. समोर फोन. आम्ही बसलो. कोणीच कुठल्याच भाषेत काही बोललं नाही. थोड्या वेळाने टिटवाळ्याची उठली, कोणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकला.

मी आणखी दोनदा गेले असेन. ती मात्र रोज जायला लागली. सकाळी कॉलेजला म्हणून निघायची आणि मॅडमच्या घरी उतरायची. म्हातारीला आंघोळीचं पाणी काढून दे, भात टाक, कोणी भेटायला आलं की पाणी दे. रक्ताच्या रिपोर्टची चौकशी करायला हॉस्पिटलात जायचं असलं तरी तीच मॅडमसोबत जायची. मी म्हटलं, "अगं, तुझे तास बुडतायत." म्हणाली, "त्यांच्याकडे आहे कोण? म्हातारीला तर नीट दिसतही नाही."

रिपोर्ट यायच्या आधीच मॅडम कॉलेजात परत आल्या. घरी बसून काय करणार, असं प्रिन्सिपलना म्हणाल्या म्हणे. आम्ही उभे राहिलो. त्यांनी बसायला सांगितलं. आम्ही सवयीने रांगेत जाऊन फोन खोक्यात ठेवले. मॅडमनी स्वतःचा ठेवला नाही. तो त्यांनी टेबलावर, पुस्तकाच्या बाजूला, स्क्रीन वर करून ठेवला. त्यांच्या एका नियमातून त्यांना सूट देणं आम्हाला शक्य आहे, याचं आम्हालाच बरं वाटलं.

फोन तासाच्या मध्यावर वाजला. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. खडू खाली ठेवून त्यांनी फोन घेतला. "हो. बोलतेय." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. "हो. हो, येते." वर्गात त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं मराठी.

फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या. हात पोटाशी जोडलेले, पाठ ताठ, आम्हाला उभं करायच्या तशा स्वतः उभ्या.

"द सॅम्पल हॅज मॅच्ड," त्या म्हणाल्या. मग थांबून, एकेक शब्द सुटा करून, "माय सन डाइड."

मागच्या बाकावरून कोणीतरी हुंदका दिला. मॅडमनी खुर्चीचा हात शोधला आणि बसल्या. टिटवाळ्याची त्यांच्यापाशी पोचली तेव्हा आम्ही बाकीचे अजून जागेवरच होतो.

हॉस्पिटलला त्यांना आम्ही दोघींनी नेलं. रिक्षात मध्ये मॅडम. रस्ता खणलेला, रिक्षा अडकत होती, आणि त्या मराठीत बोलत होत्या, कोणाशी ते कळत नव्हतं. "त्याचं ते वर्ष गेलं नसतं तर तो वापीला असता. बॅच सगळी तिकडे लागली. हा एकटाच राहिला." मैत्रीण त्यांचा हात चोळत "मॅडम, असं नका बोलू" म्हणत होती. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रेडिओ बंद केला.

आत आम्हाला सोडलं नाही. मॅडमचे चुलतभाऊ आलेले, त्यांनी सह्या केल्या. जे ताब्यात दिलं ते पांढऱ्या कापडात बांधलेलं होतं आणि उचलायला चार माणसं लागली नाहीत. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. उघडून बघू का असं त्यांनी विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "नको, ताई." तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू नियम समजला.

तेराव्यानंतर त्या पुन्हा रुजू झाल्या. आता त्यांचा फोनही खोक्यात, तळाशी. दार घंटेला बंद. आम्हाला वाटलेलं, त्या मवाळ होतील. किंवा सोडून जातील. तसं काही झालं नाही. त्या शिकवत राहिल्या, आधीपेक्षा थोडं भरभर, आणि वाक्यं दुरुस्त करत राहिल्या. फरक एकच. कोणी उभं राहून कारण सांगितलं की पूर्वी त्या त्याच्याकडे बघायच्या, आता खिडकीकडे बघायच्या.

मैत्रिणीच्या घरी त्याच सुमाराला नवीन संकट. तिच्या आईच्या किडन्या आधीपासूनच कमजोर होत्या, आता डायलिसिस सुरू झालं. कल्याणला न्यायचं, आणि वेळ मिळाली ती सकाळची. वडील टेम्पो चालवायचे, धाकटा भाऊ शाळेत. मग आईबरोबर हीच. आठवड्यातले निम्मे दिवस ती यायची नाही. ज्या दिवशी यायची त्या दिवशी उभी राहायची: "माय मदर हॅड डायलिसिस, मॅम." वाक्य बरोबर असायचं. मॅडम म्हणायच्या, "थँक यू. सिट डाउन."

परीक्षेच्या आधी ब्लॅकलिस्ट लागली आणि तिच्यात तिचं नाव होतं. ती घाबरली नाही. "मॅडम आहेत ना," म्हणाली. मलाही त्यात काही शंका नव्हती. तिच्या वडिलांनी टेम्पोचा खाडा करून हमीपत्र दिलं. मेडिकल सर्टिफिकेट जोडलेलं, पण ते आईचं. नियम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजारपणाचा. तरी बाकीच्या शिक्षकांनी सह्या केल्या. मॅडमची तेवढी राहिली.

स्टाफरूममध्ये मी तिच्याबरोबर गेले. मॅडम पेपर तपासत होत्या. त्यांनी हमीपत्र वाचलं, पूर्ण वाचलं, आणि परत दिलं.

"मी सही करू शकत नाही."

त्या मराठीत बोलल्या. वर्गाबाहेर आता त्या आमच्याशी मराठीतच बोलत. मैत्रिणीला वाटलं ती काही चुकीचं भरून आलीय. "मॅडम, काय राहिलंय का?"

"काही राहिलेलं नाही. तुझी हजेरी कमी आहे."

"पण मॅडम, आईचं..."

"माहीत आहे मला."

माझा तोल गेला. "मॅडम, त्यातले कितीतरी दिवस ती तुमच्या घरी होती. तुमच्या आईंना भात करून घालत होती. ते पण गैरहजर धरलेत."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं.

"तेही माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग मैत्रिणीकडे बघत, अगदी खालच्या आवाजात, "तुझ्यासाठी सही केली तर त्याच्यासाठी का नाही केली, हे मला कोणाला तरी सांगावं लागेल. स्वतःला तरी. ते मला नाही जमणार गं. तू माझ्याकडे दुसरं काहीही माग."

मैत्रिणीने हमीपत्र घडी घालून बॅगेत ठेवलं. "ठीक आहे, मॅडम," म्हणाली. बाहेर आल्यावर मी तावातावाने बोलत होते, प्रिन्सिपलकडे जाऊ, युनिव्हर्सिटीला लिहू. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "तू ओरडू नको. त्यांचं बरोबर नाहीये, पण त्यांना दुसरं काही करता येणार नाही."

प्रिन्सिपलकडे मी गेले. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की विषयाच्या शिक्षकांच्या सहीशिवाय त्यांचे हात बांधलेले आहेत. मॅडमवर जे ओढवलंय ते बघता त्यांना कोणी आग्रह करावा असंही त्यांना वाटत नव्हतं. सगळ्या कॉलेजला तसंच वाटत होतं. मॅडमच्या दुःखापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती, आणि टिटवाळ्याहून येणाऱ्या मुलीचं एक वर्ष ही काही मोठी गोष्ट नव्हती.

मी परीक्षा दिली. ती नाही. पुढच्या वर्षी बसेन म्हणाली, पण आई त्याआधीच, पुढच्या थंडीत गेली, आणि बाईमाणूस नसलेल्या घरात वडिलांना एकच गोष्ट सुचली. स्थळ शहापूरकडचं होतं, मुलाचं हार्डवेअरचं दुकान. तिने मला फोनवर सांगितलं, "माणसं बरी आहेत." मी विचारलं, परीक्षेचं काय? "बघू म्हणालेत."

लग्न टिटवाळ्याच्या एका हॉलमध्ये झालं. तोपर्यंत मी ठाण्यात बीएड करत होते. पत्रिका तिने मॅडमनाही दिलेली, मला ते माहीत नव्हतं. मंगलाष्टकांच्या आधी मागे वळून बघितलं तर मॅडम शेवटच्या रांगेत, फिक्या साडीत, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या. एकट्याच. सगळी स्टेजवर जातात तशा त्याही रांगेत उभ्या राहून वर गेल्या. मैत्रिणीने वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्या माझ्या इंग्रजीच्या मॅडम." तो बिचारा हसून नमस्कार करायला वाकला. मॅडमनी तिच्या गालाला हात लावला. काहीतरी बोलल्या. बँडमुळे मला ऐकू आलं नाही. मैत्रीण हसली, फोटोवाल्याने सगळ्यांना समोर बघायला सांगितलं.

जेवणाच्या पंक्तीत मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी काय करते ते विचारलं. सांगितलं. "चांगलं आहे," म्हणाल्या. त्यांच्या पानातला भात तसाच होता. "आई आता अंथरुणालाच आहे," त्या म्हणाल्या, "अजून त्याचीच वाट बघते. मी सांगते तिला, तेवढ्यापुरतं कळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते." मी मान हलवली. मला त्यांची दया येत होती आणि त्याच वेळी माझ्या तोंडात त्यांना बोलायचे असे शब्द होते की ते गिळायला मला पाणी प्यावं लागलं.

मैत्रीण निघाली तेव्हा रडली नाही. गाडीत बसताना मला म्हणाली, "फोन कर गं." तिच्या हातावरच्या मेंदीचा वास माझ्या हाताला लागला.

मॅडम आणि मी एकाच रिक्षातून स्टेशनला आलो. त्यांना डोंबिवलीला उतरायचं, मला त्याच गाडीने पुढे ठाण्याला, हॉस्टेलवर. दुपार होती, फलाटावर फारशी माणसं नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "तिचं इंग्रजी वर्गात सगळ्यांत चांगलं होतं."

"हो," मी म्हणाले.

गाडी आली. मॅडम बायकांच्या डब्यात चढल्या. डबा बराच रिकामा होता, तरी खिडकीशी बसून त्यांनी शेजारच्या जागेवर पर्स ठेवली आणि मला हाताने खूण केली. मी फलाटावरच उभी राहिले. त्यांनी पुन्हा खूण केली. मग बहुतेक त्यांना समजलं, कारण हात खाली घेतला. गाडी हलली तेव्हाही पर्स त्या जागेवरच होती.